बाप्तिस्मा ‘घेतला’ की ‘झाला’?

नगर जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी पणजोबांचा विषय निघाला की आजीचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “त्यांनी बाप्तिस्मा घेतला.” लग्न होऊन वसईला आले तेव्हा लक्षात आलं, इथे हे क्रियापद कुणी फारसं वापरत नाही. सासूबाई सांगतात, “माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, ह्यांचाही इथेच झाला, आणि सगळ्या मुलांचाही.” एकीकडे ‘घेतला’, दुसरीकडे ‘झाला’. ख्रिस्ती मंडळी बाप्तिस्म्यावरून आपसात जे काही भांडली, त्यातलं बरंचसं या दोन क्रियापदांत मावतं असं मला वाटत आलंय.

ख्रिस्ती नसलेल्या मैत्रिणी विचारतात, “म्हणजे तुमचं बारसंच ना ते?” किंवा जरा आवाज खाली आणून, “म्हणजे धर्मांतराचा विधी का?” दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण बारशाला पाणी लागत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातल्या दोन महिन्यांच्या बाळाला कुठला धर्म सोडायचाच नसतो. त्यामुळे नीट मुळापासून सांगते.

हा शब्द ग्रीक आहे. ‘बाप्टिझाइन’ म्हणजे बुडवणं, बुचकळणं. कापड रंगात बुचकळतात त्याच कुळातलं हे क्रियापद. मराठी बायबलमध्ये त्याचं भाषांतर न करता उच्चारच ठेवला, ‘बाप्तिस्मा’. कॅथलिक लोक ‘स्नानसंस्कार’ असंही म्हणतात. भाषांतर न करण्यामागे एक खोच आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालीत सरळ ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द घातला. ते बॅप्टिस्ट, म्हणजे पूर्ण बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा नाही असं मानणारे. कपाळावर पाणी ओतणाऱ्या बाकीच्या पंथांना ते कसं चालणार? १८३० च्या दशकात बायबल सोसायटी आणि बॅप्टिस्ट भाषांतरकार यांच्यात यावरून फाटलं. ग्रीक शब्द तसाच ठेवला की ज्याला जो अर्थ हवा तो घेता येतो. आपण ‘बाप्तिस्मा’ म्हणतो तेव्हा एक जुना वाद तसाच झाकून ठेवत असतो.

येशूच्या आधीही ज्यू लोकांत शुद्धीसाठी पाण्यात उतरण्याची चाल होती, आणि ते स्नान पुन्हा पुन्हा करायचं असे. यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा एक विरक्त माणूस उभा राहिला आणि त्यानं लोकांना म्हटलं, पश्चात्ताप करा, पाण्यात उतरा. इथे एक गोष्ट नवी होती. ज्यू माणूस शुद्धिस्नान स्वतःच करी, पण यार्देनेत योहान प्रत्येकाला आपल्या हातानं बुडवत होता. म्हणून त्याला ‘बाप्तिस्मा करणारा योहान’ हेच नाव पडलं. मग एक दिवस येशू त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. योहान बिचकला. ज्यानं मला बाप्तिस्मा द्यायचा तोच माझ्याकडे आला! येशूनं त्याला म्हटलं, आता असंच होऊ दे. तो पाण्यातून वर आला तेव्हा आकाश उघडलं, आत्मा कबुतरासारखा उतरला आणि ‘हा माझा प्रिय पुत्र’ अशी वाणी झाली, असं शुभवर्तमान सांगतं.

पाप नसलेला माणूस पापक्षालनाच्या रांगेत का उभा राहिला? धर्मपंडितांनी पुष्कळ उत्तरं दिली आहेत. मला भावतं ते साधं उत्तर. तो पाप्यांच्या रांगेत उभा राहिला, कारण त्याला त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं. आणि प्रभूनंसुद्धा स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः केला नाही, दुसऱ्याच्या हाताखाली मान वाकवली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

पाण्याला इथे तीन अर्थ आहेत. पहिला कुणालाही कळणारा, पाणी मळ धुतं. दुसरा अर्थ आपल्याकडच्या वाचकाला जरा अनपेक्षित वाटेल. पाणी मारतं. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, आणि तो जसा मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. म्हणजे पाण्याखाली जाणं हे कबरीत जाणं आणि वर येणं हे पुन्हा उठणं. तिसरा अर्थ गर्भाचा. निकदेम नावाचा एक म्हातारा धर्मपुढारी रात्रीच्या अंधारात येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो, नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. म्हातारा गोंधळून विचारतो, आईच्या उदरात पुन्हा कसं शिरणार? येशू उत्तर देतो, पाणी आणि आत्मा यांपासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही. कबर आणि कूस, दोन्ही एकाच पाण्यात.

म्हणूनच बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. नाशिकच्या कुंभात घेतलेली बुडी बारा वर्षांनी परत घेता येते, रोजची अंघोळ तर रोजचीच. पण जन्म एकदाच होतो, तसा बाप्तिस्मा एकदाच. नंतर माणूस कितीही भरकटला, चर्चचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलं नाही, तरी परत आल्यावर त्याला पुन्हा पाणी लावत नाहीत. तो पश्चात्ताप करतो, कॅथलिक असेल तर पापनिवेदन करतो, आणि पहिलाच बाप्तिस्मा अजून लागू असतो.

मुंज झालेल्याला ‘द्विज’ म्हणतात, दोनदा जन्मलेला. त्यामुळे दुसऱ्या जन्माची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. फरक एवढा की हा दुसरा जन्म बाईला, गुलामाला, परदेशी माणसाला, कुणालाही खुला होता. पौल गलतीकरांना लिहितो की ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला वस्त्रासारखं पांघरलं आहे. आता यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद उरला नाही. आपल्याकडे चर्चनं हे वाक्य पुरतं पाळलं, असं मी म्हणणार नाही. गोव्यात ख्रिस्ती बांधवांच्या संघांमध्येही जातीच्या भिंती होत्या, आणि लग्न जुळवताना आजही जात विचारणारी ख्रिस्ती घरं मी पाहिली आहेत. पाण्याचा यात दोष नाही, आमचा आहे.

पहिल्या काही शतकांत हे सगळं कसं चाले? ‘दिदाखे’ नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे, साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातली. तिच्यात सूचना अगदी घरगुती थाटाच्या आहेत. वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड चालत नसेल तर कोमट. तेवढं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आधी एक-दोन दिवस उपास करा. बुडवायचं की ओतायचं यावर पुढे माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, तेव्हा या पुस्तिकेतला समजूतदारपणा आठवून मला वाईट वाटतं.

सीरियात दुरा-युरोपस या गावात तिसऱ्या शतकातलं एक घर उत्खननात सापडलं. ते चर्च म्हणून वापरात होतं. एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, वर कमान, आणि भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. चौथ्या शतकात यरुशलेमेत प्रौढ दीक्षार्थी आधी पश्चिमेकडे, म्हणजे मावळतीच्या अंधाराकडे तोंड करून सैतानाचा त्याग करत. मग उगवतीकडे वळून विश्वास कबूल करत आणि पाण्यात उतरत. मिलानच्या कॅथेड्रलखाली त्या काळातलं आठ कोनी बाप्तिस्मागृह सापडलं आहे. सात दिवसांत सृष्टी झाली, आठवा दिवस पुनरुत्थानाचा, म्हणून आठ कोन. इसवी सन ३८७ च्या ईस्टरला तिथेच बिशप अँब्रोज यांनी, पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. ऑगस्टीन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, तरी तिनं लहानपणी त्याचा बाप्तिस्मा लांबवला होता. मुलगा तरुणपणी पापं करणारच, मग धुण्याचं पाणी आधीच का वापरून टाका, असा त्या काळी अनेकांचा हिशेब असे. सम्राट कॉन्स्टंटाइननं तर ३३७ साली मरणशय्येवरच बाप्तिस्मा घेतला.

आता आजच्या चर्चमध्ये येऊ. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा वसईत झाला, तोच सांगते, म्हणजे कॅथलिक विधीचा क्रम कळेल. फादर आम्हाला वेदीपाशी नाही, चर्चच्या दाराशी भेटले. बाळ अजून बाहेरचं, म्हणून स्वागत दारातच. त्यांनी विचारलं, “बाळाचं नाव काय ठेवलं? चर्चकडे काय मागता?” आम्ही म्हणालो, “बाप्तिस्मा.” मग फादरनी, आम्ही दोघांनी आणि धर्ममातेनं बाळाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. शास्त्रवाचन झालं, संतांची नावं घेऊन प्रार्थना झाली, छातीला तेल लावलं. त्यानंतर प्रश्न. सैतानाचा त्याग करता का? त्याच्या सगळ्या कृत्यांचा? देवपित्यावर, येशू ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का? बाळाला बोलता येत नाही, म्हणून उत्तरं आम्ही दिली. ती आमच्या स्वतःच्याही विश्वासाची कबुली होती. ‘होय’ म्हणताना माझा आवाज फुटला नाही, इतका घसा दाटून आला होता.

मग कुंडावर बाळाला आडवं धरलं आणि फादरनी तीनदा पाणी ओतलं: “मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.” सगळा गाभा एवढाच, पाणी आणि हे वाक्य. नंतर डोक्याला सुगंधी अभिषेकतेल, अंगावर पांढरं वस्त्र, आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती वडिलांच्या हातात.

धर्ममाता माझी नणंद झाली. माझ्या धाकट्या भावाला धर्मपिता करावं अशी माझी फार इच्छा होती, पण तो कॅथलिक नाही. कॅथलिक नियमानुसार दुसऱ्या पंथातला बाप्तिस्मा झालेला माणूस साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, धर्मपिता होऊ शकत नाही. तो साक्षीदार म्हणून उभा राहिला, नवा शर्ट घालून, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

इथे लोक मला एक गोष्ट हमखास विचारतात. तू तर प्रॉटेस्टंट घरातली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. लग्नाच्या वेळी तुला पुन्हा बाप्तिस्मा दिला का? नाही. फादरनी माहेरच्या मंडळीतून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला. पाणी वापरलं होतं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालं होतं, एवढी खात्री केली आणि पुढे गेले. हा नियम फार जुन्या वादातून आला. उत्तर आफ्रिकेत छळाच्या काळात काही धर्मगुरू घाबरून विश्वासापासून ढळले होते. अशांच्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा की खोटा? ऑगस्टीननं उत्तर दिलं, देणाऱ्याच्या पुण्याईवर तो ठरत नाही, कारण खरा देणारा ख्रिस्त आहे. नळ गंजका असला म्हणून पाणी बिघडत नाही, असं आमच्या शाळेतल्या बाई समजवायच्या.

त्याच तर्कानं पुढची आश्चर्याची गोष्ट समजते. जिवावर बेतलं असेल आणि फादर वेळेत पोचू शकत नसतील, तर कॅथलिक चर्चच्या मते कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. अगदी हिंदू किंवा मुस्लीम नर्ससुद्धा. चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा मनापासून हेतू असावा, पाणी असावं आणि ते वाक्य म्हणावं, इतकंच. एकीकडे ही एवढी मोकळीक आणि दुसरीकडे शब्दांबाबत एवढा काटेकोरपणा, की २०२० साली व्हॅटिकननं जाहीर केलं: ‘मी’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही. त्यानंतर अमेरिकेत एका धर्मगुरूला आपल्याच बाप्तिस्म्याची जुनी चित्रफीत पाहताना कळलं की आपल्यावर ‘आम्ही’ म्हटलं गेलं होतं. त्याला बाप्तिस्म्यापासून धर्मगुरूपदाच्या दीक्षेपर्यंत सगळं नव्यानं घ्यावं लागलं. एका सर्वनामासाठी एवढं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ‘आम्ही’ म्हटलं की देणारा समाज होतो. ‘मी’ म्हणताना फादर ख्रिस्ताच्या जागी उभा राहून बोलतो, अशी ही समजूत आहे, आणि ती कळल्यावर मला हा काटेकोरपणा पटला.

मग बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांचं काय? पोटातच गेलेल्यांचं? शतकानुशतकं आयांनी हा प्रश्न उराशी घेऊन दिवस काढले. जुन्या धर्मपंडितांनी ‘लिंबो’ नावाची एक मधली जागा कल्पिली होती, तिथे दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही. कॅथलिक चर्चनं तिला अधिकृत सिद्धांत कधीच केलं नाही, तरी धर्मशिक्षणात ती शिकवली जाई. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं लिहिलं की अशा बाळांचं तारण होईल अशी आशा बाळगायला गंभीर कारणं आहेत. माझ्या आजेसासूबाईंची दोन बाळं बाप्तिस्म्याआधी गेली होती. त्यांना हे कुणी वेळेत सांगायला हवं होतं. ज्यांची बाप्तिस्म्याची इच्छा होती पण वेळ मिळाला नाही, किंवा विश्वासासाठी ज्यांचा जीव गेला, त्यांनाही चर्च पाण्याविना बाप्तिस्मा झालेलेच मानतं. क्रुसावर शेजारी खिळलेल्या चोराला येशूनं ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ म्हटलं तेव्हा तिथे पाणी कुठे होतं?

आता त्या दोन क्रियापदांकडे. बाळाला बाप्तिस्मा द्यावा की नाही?

देऊ नये म्हणणाऱ्यांची बाजू स्पष्ट आहे. बायबलात आधी विश्वास, मग पाणी. त्यातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप्प एका इथिओपियन अधिकाऱ्याला रथात बसून शास्त्र समजावतो. वाटेत पाणी दिसताच तो अधिकारीच विचारतो, हे बघा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? ‘घेतला’ हे क्रियापद असं असतं, रथ थांबवून घेतलेलं. बाळ काय विचारणार? तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकानंही मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको असं लिहून ठेवलंय.

द्यावा म्हणणारे त्याच पुस्तकातलं दुसरं पान उघडतात. फिलिप्पै गावातल्या तुरुंगाच्या नायकानं मध्यरात्री बाप्तिस्मा घेतला, तो ‘घरच्या सर्वांसह’. लुदिया नावाच्या जांभळ्या वस्त्रांच्या व्यापारीण बाईचंही तसंच. घरच्या सर्वांत लेकरं नसतील का? पण त्यांचा खरा मुद्दा घरादाराच्या मोजणीत नाही. त्यांचं म्हणणं, देवाची कृपा आपल्या समजुतीची वाट बघत थांबत नाही. बाळाला आपण दूध पाजतो, भाषा देतो, नाव देतो, त्याला विचारून नाही. आदामापासून वारशानं आलेल्या आदिपापाच्या डागासह जन्मलेल्या जिवाला तारण्याचा पुढाकार देवाचा, माणसाचं उत्तर पुढे येईल. ते उत्तर मोठेपणी ‘दृढीकरण’ या विधीत तो स्वतःच्या तोंडानं देतो. ऑर्थोडॉक्स चर्च तर बाळाला तीनदा पूर्ण बुडवतं आणि अभिषेक व ख्रिस्तप्रसादही तेव्हाच देतं. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांत याला ‘मामोदीसा’ म्हणतात.

या वादात रक्त सांडलं. २१ जानेवारी १५२५ च्या रात्री झुरिचमध्ये एका घरात काही जण जमले. कॉनराड ग्रेबेल यांनी जॉर्ज ब्लाउरॉक यांना, प्रौढपणी, विश्वासाच्या कबुलीवर, पुन्हा बाप्तिस्मा दिला. शहराच्या प्रॉटेस्टंट कारभाऱ्यांनी पुनर्बाप्तिस्म्याला मृत्युदंड लावला. दोन वर्षांनी, ५ जानेवारी १५२७ ला, त्याच गटातल्या फेलिक्स मान्झ यांना लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्यासाठी आग्रह धरला म्हणून पाण्यातच. ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसाला. हे वाचलं की माझं मन आजही थिजतं.

त्याच धाग्यातले इंग्रज जॉन स्मिथ यांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १६०९ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांना वाटलं की खरा बाप्तिस्मा देणारं चर्चच कुठे उरलेलं नाही. मग त्यांनी स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा दिला आणि नंतर सोबत्यांना. थोड्याच काळात त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं, आणि ते प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मेनोनाइट मंडळींकडे सामावून घेण्याची विनंती करायला गेले. ‘घेतला’ म्हणणारे सगळ्यात ठाम लोकही शेवटी दुसऱ्याच्या हाताकडे वळतात. घ्यायला देणारा लागतो.

आपल्याकडे यावर एक शहाणा तोडगा निघाला, तोही महाराष्ट्रात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त प्रौढांना देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. आईबापांना हवं तर बाळाचा बाप्तिस्मा करा, नको तर आशीर्वादाची प्रार्थना करा आणि मोठेपणी त्याला स्वतः घेऊ द्या. नगरच्या मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मीत) तर बाप्तिस्माच नाही. त्यांचं म्हणणं, आतला बदल खरा, बाहेरची खूण नसली तरी चालतं. मला ते पटत नाही, माणसाला शरीर आहे तोवर खूण लागतेच असं मला वाटतं. पण त्यांच्या सेवेपुढे वाद घालायला माझी जीभ रेटत नाही.

मराठी वाचकाच्या मनात याहून वेगळी एक गोष्ट असते, हे मला माहीत आहे. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं. लहानपणी वर्गातल्या मुलांकडून मीही ती ऐकली. चर्चच्या दृष्टीनं अशानं कुणीच ख्रिस्ती होत नाही. पाव खाऊन, पाणी पिऊन, नकळत, फसवून बाप्तिस्मा होतच नाही. मग ही गोष्ट एवढी रुजली कशी? कारण जातीच्या नियमांत रेघ वेगळ्या ठिकाणी होती. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. तो लहान म्हणून कोर्टानं त्याला वडिलांकडे परत दिला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तरी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवला म्हणून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. चर्चच्या लेखी तो मुलगा ख्रिस्ती झालेलाच नव्हता. समाजाच्या लेखी पहिल्या घासालाच तो गेला होता.

याचा अर्थ जबरदस्ती कधी झालीच नाही असा नाही. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या हुकमानं गोव्यातल्या अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा द्यायची व्यवस्था झाली. नातेवाईक असलेली मुलंही यात ओढली गेली. हे चर्चनं केलं, राजसत्तेच्या हातात हात घालून, आणि ते चूक होतं. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं की विश्वासासाठी कुणावरही सक्ती करता येत नाही. चारशे वर्षं उशिरा.

ज्यांनी जाणून घेतला, त्यांच्या कहाण्या वेगळ्या आहेत. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला, मुलगी मनोरमेसह. आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून अँग्लिकन पंथाचा प्रत्येक सिद्धांत डोळे मिटून मानायचं त्यांनी नाकारलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत नारायण वामन टिळकांनी. लक्ष्मीबाई नवऱ्यामागोमाग पाण्यात उतरल्या नाहीत. विरह सोसला, परत एकत्र आल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी नावही बदललं नाही. नाव बदलणं ही बाप्तिस्म्याची अट नव्हे. वसईतली पोर्तुगीज आडनावं त्या राजवटीचा ठसा आहेत, पाण्याचा नव्हे.

मात्र आपल्या देशात या पाण्याला एक कायदेशीर किंमतही आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. माझ्या माहेरच्या बाजूला अशी घरं आहेत जिथे माणूस दर रविवारी उपासनेला येतो, मनापासून प्रार्थना करतो, आणि बाप्तिस्मा घेत नाही. त्याला घाबरट म्हणणं सोपं आहे. मुलांच्या शिक्षणाचा हिशेब ज्याला करावा लागतो त्यालाच ते ठाऊक. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. अशा उंबऱ्यावरच्या माणसांना त्यांनी आत बोलावलं होतं.

माझा भाऊ, तोच साक्षीदार, गेल्या काही वर्षांपासून एका पेंटेकोस्टल मंडळीत जातो. तिथे बाळपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत. एक दिवस त्यानं घरी सांगितलं, “मी बाप्तिस्मा घेणार आहे.” आई गप्प झाली. मग तिनं विचारलं, “सव्वा महिन्याचा होतास तेव्हा पाळकांनी तुझ्या डोक्यावर ओतलं ते पाणी वाया गेलं का रे?” तो म्हणाला, “नाही आई. ते तू माझ्यासाठी मागितलंस. मी अजून मागितलं नव्हतं.” मी स्वतः दुसऱ्या बाप्तिस्म्यावर विश्वास ठेवत नाही, आणि हे त्याला सांगितलं. तरी आम्ही सगळे गेलो.

प्रवरेला पाणी कमरेएवढं होतं. पास्टर आणि तो पांढऱ्या कपड्यांत आत उतरले. पास्टरनी विचारलं, येशू ख्रिस्त तुझा प्रभू आहे का? त्याचं ‘होय’ काठापर्यंत ऐकू आलं. तीच तीन नावं घेऊन त्यांनी त्याला पाठीवर आडवं केलं, पुरं पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. आई येणार नाही म्हणाली होती. पण तो धापा टाकत काठाला आला तेव्हा ती घोट्यापर्यंत पाण्यात शिरली होती, आणि घरून आणलेला टॉवेल तिनं उघडून हातात धरला होता.